अठराव्या वर्षानंतर कोण? : मुळशी तालुक्यातील दिव्यांग व्यक्ती, त्यांची कुटुंबे आणि उपलब्ध सेवा

पुणे शहराच्या पश्चिमेस चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याने निघाले, की भूगाव, पिरंगुट ही कारखान्यांची व नव्या वसाहतींची गावे लागतात आणि पुढे तालुक्याचे ठिकाण असलेले पौड येते. तेथून एक रस्ता मुळशी जलाशयाच्या काठाने ताम्हिणी घाटाकडे जातो, तर एक फाटा कोळवण खोऱ्यात वळतो. १९२१ साली धरणाविरुद्ध झालेल्या सत्याग्रहामुळे मुळशीचे नाव साऱ्या देशास ठाऊक झाले. त्याच तालुक्याच्या पूर्व टोकास आज हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान संकुल उभे आहे आणि पश्चिमेच्या डोंगरकुशीत अद्यापही मुख्य रस्त्यापासून दूर असलेल्या वाड्या, धनगरवाडे व कातकरी वस्त्या आहेत. एका तालुक्यात असे दोन प्रदेश नांदत असल्यामुळे, घरात दिव्यांग व्यक्ती असलेल्या कुटुंबाला शासकीय व स्वयंसेवी मदत शोधताना कोणता मार्ग चालावा लागतो, याचा अभ्यास करण्यास मुळशी हे सोयीचे ठिकाण होय.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दिव्यांग व्यक्तींची संख्या सुमारे २९ लाख ६३ हजार होती. त्यांच्यासाठी योजना नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. अडचण वेगळीच आहे. तपासणी आरोग्य विभागाकडे, अनुदान महसूल विभागाकडे, शिक्षण जिल्हा परिषदेकडे, निधी ग्रामपंचायतीकडे आणि पालकत्वाचा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे, अशी या सेवांची दारे वेगवेगळी आहेत. कोणते दार आधी ठोठवावे हे सांगणारी व्यक्ती कुटुंबाला बहुधा योगायोगानेच भेटते. त्यातही एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. बालकासाठी असलेल्या बहुतेक सेवा त्याच्या वयाच्या अठराव्या वर्षी थांबतात आणि त्यापुढील व्यवस्था कुटुंबाने स्वतः पुढाकार घेऊन करावयाची असते.

पहिली चाहूल

मूल उशिरा मान धरते, हाकेला वळून पाहत नाही, दोन वर्षांचे झाले तरी शब्द बोलत नाही, हे सर्वप्रथम आईच्या लक्षात येते. घरातील वडीलधारी मंडळी ‘याचा बापही उशिराच बोलला होता’ असे सांगून तिची समजूत घालतात. ही समजूत प्रेमापोटी असली तरी तिच्यापायी मोलाची वर्षे निघून जातात. श्रवणदोष असलेल्या मुलास लवकर श्रवणयंत्र मिळाले व वाचेचे शिक्षण सुरू झाले तर त्याची भाषा वाढते. मेंदूच्या पक्षाघाताने अवयव ताठरलेल्या बालकास वेळेवर व्यायामोपचार मिळाले तर सांधे आखडण्याचे प्रमाण कमी होते. म्हणून शंका आली की थांबू नये, हा पहिला धडा.

या टप्प्यावर कुटुंबास दूर जावे लागत नाही. गावातील अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्ती या दोघींकडे शंका बोलून दाखविणे पुरेसे असते. २०१३ पासून राबविल्या जाणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली वैद्यकीय पथके अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा व शाळांना एकदा भेट देतात आणि जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची जन्मजात दोष, आजार, जीवनसत्त्वादींची कमतरता व विकासातील विलंब या दृष्टीने तपासणी करतात. दोष आढळल्यास बालकाला जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. पथक येण्याच्या दिवशी मूल अंगणवाडीत हजर असणे मात्र आवश्यक असते. चालू न शकणारे मूल नेमके त्या दिवशी घरीच राहते, कारण त्याला उचलून आणावयास कोणी नसते. कामानिमित्त वीटभट्ट्यांवर स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबांची मुलेही अशीच तपासणीतून सुटतात. पथक कधी येणार हे सेविकेला आधीच विचारून ठेवावे व ते शक्य नसल्यास मुलास थेट पौड येथील ग्रामीण रुग्णालयात दाखवावे.

प्रमाणपत्र ही किल्ली

पुढील जवळजवळ प्रत्येक सेवेसाठी दिव्यांगत्वाचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारच्या अपंगत्वांचा समावेश होता. ‘दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६’ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला व ही संख्या २१ झाली. अंधत्व, बहिरेपणा, अस्थिव्यंग यांच्याबरोबर स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, स्नायूंची झीज, कंपवात, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल व आम्लहल्ल्याने आलेली विद्रूपता यांचाही आता त्यात अंतर्भाव आहे. पूर्वी ‘तुमचे बसत नाही’ असे उत्तर ऐकून परतलेल्या कुटुंबांनी पुन्हा एकदा चौकशी करावी, असे त्यामुळे आवर्जून सांगावेसे वाटते.

अर्ज केंद्र शासनाच्या स्वावलंबन संकेतस्थळावर करावयाचा असतो. घरी संगणक नसला तरी गावच्या सेवा केंद्रातून तो भरता येतो. आधारपत्र, रहिवासाचा पुरावा व छायाचित्र एवढ्या कागदांवर काम भागते. त्यानंतर शासकीय रुग्णालयात तपासणी होते. पुणे जिल्ह्यात औंध येथील जिल्हा रुग्णालय व ससून सर्वोपचार रुग्णालय ही यातील प्रमुख ठिकाणे होत. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार अर्जावर तीन महिन्यांत निर्णय अपेक्षित आहे. प्रमाणपत्रासोबत मिळणारे वैश्विक ओळखपत्र देशभर चालते. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल तर त्यास कायद्याच्या परिभाषेत ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ म्हणतात व बहुतेक लाभ त्या मर्यादेपासून सुरू होतात.

येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. लहान मुलाचे प्रमाणपत्र कायमचे नसते. बौद्धिक दिव्यांगत्वाच्या बाबतीत ते वाढत्या वयानुसार पाचव्या, दहाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासून घ्यावे लागते. अठराव्या वर्षी दिलेले प्रमाणपत्र पुढे आयुष्यभर ग्राह्य धरले जाते. कित्येक घरांत पहिले प्रमाणपत्र लाकडी पेटीत जपून ठेवलेले असते, पण त्यावरील मुदतीकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि एक दिवस अनुदान थांबल्यावर ती बाब उघडकीस येते.

पौडच्या कचेऱ्या आणि गावची पंचायत

प्रमाणपत्र हाती आल्यावर कुटुंबाचा मार्ग पौडला येतो. तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करावयाचा असतो. १९८० साली सुरू झालेल्या या योजनेखाली दिव्यांग लाभार्थींना मिळणारे मासिक अर्थसाहाय्य शासनाने २०२५ साली १,५०० रुपयांवरून २,५०० रुपये केले. उत्पन्नाचा दाखला, महाराष्ट्रातील वास्तव्याचा पुरावा व आधारशी जोडलेले बँक खाते या तीन गोष्टींपैकी एखादी अपुरी राहिल्यामुळेच बहुधा अर्ज अडतो. मंजुरीनंतरही दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. अंथरुणास खिळलेल्या व्यक्तीच्या बाबतीत हे काम कोण करणार, याची आठवण कुटुंबाने तलाठ्यास वेळेवर करून द्यावी.

पंचायत समितीकडे शिक्षण विभागाचे काम असते. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयोगटातील मुलास जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षण घेण्याचा हक्क आहे. समग्र शिक्षा अभियानाखालील विशेष शिक्षक शाळांना भेटी देतात व शाळेत येऊ न शकणाऱ्या मुलासाठी गृहाधारित शिक्षणाची तरतूद आहे. तीनचाकी सायकल, कुबड्या, श्रवणयंत्र यांसारखी साधने केंद्राच्या साहाय्यभूत साधने योजनेतून, उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्यांना, तपासणी शिबिरांमधून दिली जातात. एस. टी. प्रवासात ७५ टक्के सवलत आहे आणि ६५ टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असल्यास सोबत्यालाही निम्मे भाडे माफ होते. डोंगरातून रुग्णालयापर्यंत वारंवार खेपा घालणाऱ्या आईला ही शेवटची सवलत किती मोलाची आहे हे वेगळे सांगावयास नको. मात्र त्या दिवसाची तिची मजुरी बुडते ती कोणत्याच योजनेत धरलेली नसते.

ग्रामपंचायतीच्या निधीविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने आपल्या स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावी असे शासनाचे आदेश आहेत. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होते. या पाच टक्क्यांचे मुळशीत काय होते, ते पाहण्यासारखे आहे. समजा, औद्योगिक पट्ट्यातील एखाद्या ग्रामपंचायतीचे करांपासूनचे उत्पन्न वर्षाला २ कोटी रुपये आहे. तर तिच्याकडे या कामासाठी १० लाख रुपये उभे राहतात. डोंगरातील एखाद्या पंचायतीची घरपट्टी व पाणीपट्टी मिळून १ लाख रुपये होत असेल तर हाती ५ हजार रुपये येतात. त्यात एक चाकाची खुर्चीसुद्धा जेमतेम बसते. नियम एकच असूनही दोन शेजारच्या गावांतील दिव्यांग व्यक्तींच्या वाट्याला येणारी मदत अशी विषम होते. डोंगरातील कुटुंबांनी म्हणून केवळ ग्रामपंचायतीवर न विसंबता पंचायत समिती व जिल्हा परिषद यांच्या तशाच राखीव तरतुदीकडेही अर्ज करावेत. औद्योगिक पट्ट्यातील गावांत प्रश्न उलटा असतो. तेथे निधी असतो, पण गावातील दिव्यांग व्यक्तींची यादी अद्ययावत नसते आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराचे मूल त्या यादीत येतच नाही. ग्रामसभेत यादीचे वाचन व्हावे अशी मागणी करणे हा यावरील सर्वांत साधा उपाय होय.

महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग स्थापन केला. एखाद्या कार्यालयाने हक्क नाकारल्यास पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागता येते.

अठरावे वर्ष

इतका मार्ग चालून आलेल्या कुटुंबाला स्थिरस्थावर झाल्यासारखे वाटू लागते, तोच मूल अठरा वर्षांचे होते. शाळा संपते. बाल तपासणीचा कार्यक्रम संपतो. आणि कायद्याच्या दृष्टीने आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्वही संपते. पाय अधू असलेल्या किंवा दृष्टी नसलेल्या तरुणाच्या बाबतीत त्यात वावगे काही नाही. तो इतर प्रौढांप्रमाणे स्वतःचा कारभार पाहू शकतो, नोकरीतील ४ टक्के आरक्षणाचा वा कर्जयोजनांचा लाभ घेऊ शकतो. परंतु ज्याला पैशाचा व्यवहार समजत नाही अशा तरुणाची आई बँकेत गेली असता, ‘खातेदाराची सही हवी’ असे तिला सांगितले जाते. काल चालत होते ते आज का चालत नाही, हे तिला उमगत नाही.

यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात तरतूद आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व व बहुविकलांगता या चार प्रकारांतील प्रौढ व्यक्तींसाठी कायदेशीर पालक नेमण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीला देण्यात आला आहे. समितीत नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी व एक दिव्यांग व्यक्ती असते. आईवडील किंवा नातेवाईक यांनी अर्ज करावयाचा असतो. पालकाची खरोखर गरज आहे काय व ती कोणत्या बाबींपुरती आहे, हे समितीने तपासणे अभिप्रेत आहे. २०१६ चा कायदाही मर्यादित पालकत्वावर आणि व्यक्तीशी विचारविनिमय करून निर्णय घेण्यावर भर देतो. नियुक्त पालकाने सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी समितीस सादर करावयाची असते व पुढे दरवर्षी हिशेब द्यावयाचा असतो. याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण मिळते. तीत पूर्वतपासणीची अट नाही व नियमित उपचारपद्धतींचा खर्चही धरलेला आहे. एवढी उपयुक्त योजना ग्रामीण भागात फारशी परिचित नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

मालमत्तेच्या यादीची अट वरवर कोरडी वाटेल. मुळशीत तिला विशेष अर्थ आहे. शहर जवळ आले तशी या तालुक्यातील जमिनीची किंमत वाढली. सातबारावर चार भावंडांची नावे असतात आणि त्यांतील एक बौद्धिकदृष्ट्या दिव्यांग असते. विक्रीची बोलणी सुरू झाली की ‘त्याला काय कळते, त्याचा अंगठा घेऊन टाकू’ असे सुचविणारे कोणीतरी निघते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमानुसार कोणताही रोग, व्यंग वा विकृती यांमुळे वारसाहक्क जात नाही, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्कही मुलाच्या बरोबरीचा आहे. व्यवहाराचा अर्थ ज्याला कळू शकत नाही त्याच्याकडून घेतलेला करार १८७२ च्या करार अधिनियमाखाली टिकत नाही. पण न्यायालयात जाऊन हे सिद्ध करणार कोण? आईवडील हयात असताना पालकाची रीतसर नेमणूक झाली असेल, मालमत्तेची यादी समितीच्या दप्तरी असेल, तर हक्कसोडपत्रावर परस्पर अंगठा उमटविणे तितकेसे सोपे राहत नाही. भाऊबंदांवर अविश्वास दाखविल्यासारखे होईल म्हणून पुष्कळ आईवडील हा विषय टाळतात. वास्तविक ज्या भावाने पुढे सांभाळ करावयाचा आहे त्याच्याही दृष्टीने कागद स्वच्छ असणे हिताचेच असते. त्याच्यावर उद्या कोणी आळ घेऊ शकत नाही.

कोळवण खोऱ्यातील घरे

कागद झाले तरी दिवस कसा जावा व रात्री छप्पर कोणाचे, हे प्रश्न उरतातच. पुणे शहरात या क्षेत्रातील कामाची जुनी परंपरा आहे. पहिल्या महायुद्धातील जायबंदी सैनिकांसाठी १९१७ साली निघालेली क्वीन मेरीज तंत्रशाळा खडकीला आहे, १९६४ साली बौद्धिकदृष्ट्या दिव्यांग मुलांसाठी ‘कामायनी’ची स्थापना झाली व तिने पुढे प्रौढांसाठी कर्मशाळाही चालविली. परंतु शाळा आणि कर्मशाळा संध्याकाळी बंद होतात. तोपर्यंत आईवडील थकलेले असतात.

या प्रश्नाचे एक उत्तर मुळशी तालुक्यातच, कोळवण खोऱ्यात, १९९४ पासून उभे आहे. ‘साधना व्हिलेज’ या संस्थेने बौद्धिकदृष्ट्या दिव्यांग प्रौढांसाठी तेथे निवासी वसाहत सुरू केली. तिची प्रेरणा स्कॉटलंडमधील कॅम्पहिल चळवळीतून आलेली आहे. नाझींच्या छळामुळे व्हिएन्ना सोडावे लागलेले डॉक्टर कार्ल कोनिग व त्यांचे सहकारी यांनी ॲबरडीनजवळ दिव्यांग मुलांसमवेत एकाच घरात राहण्यास प्रारंभ केला. सांभाळणारे आणि सांभाळले जाणारे असा भेद न करता सर्वांनी मिळून घर चालवावे, ही त्यांची कल्पना होती. कोळवणला येथील रहिवाशांना ‘विशेष मित्र’ म्हणतात. मोठ्या वसतिगृहाऐवजी घरे आहेत. घरातील कामे, बागकाम, हस्तव्यवसाय यांत प्रत्येकाचा आपल्या कुवतीप्रमाणे वाटा असतो. जो भाजी निवडू शकतो त्याने भाजी निवडावी, ज्याला ताटे मांडता येतात त्याने ती मांडावीत. बाहेरून पाहणाऱ्यास यात विशेष काही दिसणार नाही. पण वीस-पंचवीस वर्षे ज्याला ‘तू बस’ एवढेच ऐकावे लागले त्याच्या हाती रोजचे एक ठरलेले काम येणे, ही लहान गोष्ट नव्हे.

संस्थेने आसपासच्या गावांतून महिला बचत गट व शिक्षण यांचेही काम उभे केले. त्यामागील विचार व्यवहारी आहे. वसाहतीभोवतीचे गाव तिला परके मानीत असेल, तर आतले जीवन कितीही नेटके असले तरी ते एकाकीच राहील. गावातील स्त्रिया तेथे कामासाठी येतात, सणासुदीला जाणे-येणे होते, आणि रस्त्यात भेटलेल्या ‘मित्रा’शी दोन शब्द बोलण्यास कोणी बिचकत नाही.

निवासी संस्थेकडे वळण्यापूर्वी कुटुंबाने काही गोष्टी स्वतः जाऊन पाहाव्यात. संस्था २०१६ च्या कायद्याखाली नोंदणीकृत आहे काय, रात्री किती माणसे हजर असतात, आजारपणात कोणत्या रुग्णालयाची सोय आहे, घरच्यांना केव्हाही भेटता येते काय आणि मासिक शुल्क आईवडिलांच्या पश्चात कोठून भरले जाईल, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. भेटीची वेळ आधी ठरवूनच या, असा ज्या ठिकाणी फार आग्रह असतो, तेथे अधिक चौकशी केलेली बरी. प्रथम काही दिवसांपुरते ठेवून पाहावे. घरापासून कधीच दूर न राहिलेली व्यक्ती आईच्या मृत्यूनंतर आठवड्याभरात अनोळखी ठिकाणी आणून सोडली जाते, तेव्हा तिला दोन आघात एकदम सोसावे लागतात. आई असतानाच सुट्टीपुरते राहून आलेल्या व्यक्तीला तेच ठिकाण ओळखीचे असते.

अशा वसाहती थोड्या आहेत आणि त्यांतील जागा त्याहून थोड्या. बहुसंख्य कुटुंबांना सांभाळ घरीच करावा लागणार, हे उघड आहे. चार-पाच गावांतील पालकांनी एकत्र येऊन आठवड्यातून दोन दिवस समाजमंदिरात किंवा रिकाम्या वर्गखोलीत दिवसपाळीचे केंद्र चालविले, तर आईला तेवढे दोन दिवस शेतावर किंवा बाजारास जाता येईल. ग्रामपंचायतीच्या पाच टक्के निधीतून अशा सामूहिक कामासाठीही तरतूद मागता येते. डोंगरातील तीन-चार लहान पंचायतींनी मिळून ती केली, तर पाच-पाच हजारांचेही काही तरी उभे राहू शकेल.

दरम्यान एक नवीन बाब पुढे येत आहे. वैद्यकीय सुधारणांमुळे बौद्धिकदृष्ट्या दिव्यांग व्यक्ती पूर्वीपेक्षा दीर्घकाळ जगतात. १९९४ साली तिशीत असलेली व्यक्ती आज साठी ओलांडून गेलेली आहे. तिला आता कर्मशाळा नको असते. तिला गुडघेदुखीवर उपचार, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि दुपारी पडावयास जागा हवी असते. तिचे आईवडील बहुधा हयात नसतात, भावंडेही वृद्ध झालेली असतात व अर्जावर पालक म्हणून सही भाच्याची किंवा पुतण्याची असते.